कोन कशापासून मोजलास, ते आधी सांग

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मामांच्या फॅब्रिकेशनच्या कामावर तू सहा महिने शिकतोयस. २० फूट रुंदीची पत्र्याची शेड आहे, दोन्ही बाजूंना सारखा उतार, आणि आढं खांबांच्या डोक्यापेक्षा ३ फूट वर. वासा किती लांब कापायचा आणि कटिंग मशीनवर किती डिग्री लावायची, हे तुला हवंय. मोबाइलवर काढलं तर एकदा १६.७ येतं, एकदा ७३.३ येतं. शिवाय दहावीला साइन-कॉस-टॅन पाठ होतं, पण कधी कुठलं घ्यायचं ते तेव्हाही कळलं नव्हतं, असं लिहिलंयस. वय १९ सांगितलंस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझी दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. एकट्या पाइपाला कोन नसतो. कोन दोन रेषांमधला असतो. १६.७ हा वाशाचा आडव्या रेषेशी कोन, ७३.३ हा उभ्या रेषेशी. आडवी आणि उभी यांच्यात ९० अंश. मधून वासा गेला की एका अंगाला १६.७ आणि दुसऱ्या अंगाला ७३.३ उरणारच. उद्यमनगरात तीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली शेवटची बारा वर्षं पोरांना शिकवण्यात गेली. माझ्यासमोर वाया गेलेला बहुतेक पाइप गणित चुकल्यानं गेलेला नाही. कोन भलत्याच रेषेपासून मोजला म्हणून गेलाय. त्यामुळे माझ्याकडे कुणी 'किती डिग्री?' असं विचारलं तर मी उलट विचारतो, 'कशापासून?'

आता कागद घे आणि अर्धीच शेड काढ. रुंदी २० फूट, म्हणून अर्धी १०. ही आडवी बाजू. आढ्याखालची उंची ३ फूट, ही उभी. त्यांना जोडणारा वासा, तो कर्ण. काटकोन खाली मध्यावर, आढ्याच्या बरोबर खाली.

शाळेत 'संमुख बाजू' आणि 'लगतची बाजू' शिकवतात, तिथं बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण ती नावं बाजूला कायमची चिकटलेली नसतात. तू कुठं उभा आहेस त्यावर ती बदलतात. खांबाच्या डोक्यावर, म्हणजे वाशाच्या खालच्या टोकाला उभा राहा. समोर दिसते ती ३ फुटांची उभी; ती संमुख. पायाखालून निघते ती १० फुटांची आडवी, ती लगतची. आता वर आढ्यावर चढून बस. तिथून समोरची बाजू १० फुटांची झाली आणि लगतची ३ फुटांची. शेड तीच, पाइप तेच, नावं मात्र अदलाबदल. म्हणूनच १६.७ चा साइन आणि ७३.३ चा कॉस एकच येतो. कॅल्क्युलेटरवर करून बघ, दोन्ही ०.२८७ च्या आसपास.

या जोडीला आपल्या पुस्तकात कोटिकोन म्हणतात. बेरीज ९० ती कोटिकोनांची, १८० ती पूरक कोनांची. ही दोन नावं पोरं हमखास उलटीपालटी करतात. लक्षात ठेवायची एक जुनी खूण आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये 'ज्या' नावाच्या किमतींचं कोष्टक दिलं. आज आपण ज्याला साइन म्हणतो ती ज्या, आणि कॉस ती कोटिज्या, म्हणजे कोटिकोनाची ज्या. कोसाइनमधला 'को'सुद्धा तेच सांगतो. कॉस म्हणजे वेगळं काही नाही, समोरच्या टोकाला जाऊन बसलेला साइन आहे.

मग कधी कुठलं घ्यायचं? हातात काय आहे आणि काय हवंय, एवढंच बघ. उभी आणि आडवी या दोघींचाच संबंध असेल, कर्ण कुठंच नसेल, तर टॅन: उभी भागिले आडवी. कर्णाशी उभीचा संबंध असेल तर साइन, आडवीचा असेल तर कॉस. (कोन आडव्यापासून मोजलाय असं धरून सांगतोय. उभ्यापासून मोजलास तर मघाचीच अदलाबदल.) आपल्या कामात दहातली आठ वेळा टॅनच लागतो, कारण टेपानं आपण आडवं मोजतो आणि उभं मोजतो, तिरकं मोजायला त्या वेळी तिथं वासा बसवलेलाच नसतो. कर्ण आधीच हातात असेल तेव्हा साइन-कॉसची पाळी. शिडीचं बघ. शिडी ही कर्ण, तिची लांबी ठाऊक असते. ती जमिनीशी साधारण ७५ अंशात ठेवावी असं सांगतात. कॉस ७५ जवळजवळ पाव येतो, म्हणून १२ फुटांच्या शिडीचा पाय भिंतीपासून ३ फुटांवर. कुणी 'भिंतीशी १५ अंश' म्हणालं तर साइन १५ घे, तोच पाव येतो.

तुझ्या शेडला टॅन म्हणजे ३ भागिले १०, ०.३. जुने मिस्त्री हेच 'फुटाला ३ इंच ५ सूत ढाळ' असं म्हणायचे (बारोत्रिक छत्तीस, म्हणजे ३.६ इंच; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्यांना टॅन हा शब्द माहीत नव्हता, पण टॅन माहीत होता. ०.३ वरून उलटा टॅन (कॅल्क्युलेटरवर tan⁻¹) काढलास की १६.७ अंश.

लांबीला तर कोनाचीही गरज नाही. १० चा वर्ग १००, ३ चा वर्ग ९, बेरीज १०९, वर्गमूळ १०.४४. वासा १०.४४ फूट. आणि इथंच नवखा माणूस पहिला पाइप वाया घालवतो. १०.४४ फूट म्हणजे १० फूट साडेचार इंच नव्हे! पॉइंटाच्या पुढचा .४४ हा फुटाचा भाग आहे, त्याला बारानं गुणायचं: ५.२८ इंच. म्हणजे १० फूट ५ इंच २ सूत. जवळजवळ इंचभराचा फरक पडतो. मी पोरांना सांगतो, एक तर पहिल्यापासून मिलिमीटरमध्ये काम करा. अर्धी रुंदी ३०४८, उंची ९१४, वासा ३१८२. टेपावर दोन्ही बाजूंना दोन्ही मापं असतात, मग फुटाशी भांडत बसायचं कशाला?

आता ही लांबी कुठल्या रेषेची? कागदावरच्या रेषेला जाडी नसते, पाइपाला असते. समज ५० मिमीचा चौकोनी पाइप आहे आणि आढ्यापाशी तो उभ्या रेषेत कापायचाय, म्हणजे समोरचा वासा येऊन त्याला चिकटेल. त्या तिरक्या कापामुळे पाइपाची वरची कड खालच्या कडेपेक्षा लांब होते. किती? ५० गुणिले ०.३, म्हणजे १५ मिमी. पुन्हा टॅनच, फक्त छोट्या त्रिकोणातला. म्हणून ३१८२ हे माप वरच्या कडेनं धरलंस की खालच्या, हे आधीच ठरव आणि उंचीही त्याच कडेची धर. कैचीतले (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यातले) सगळे वासे एकाच कडेनं मोजले तर काही बिघडत नाही. डावा वरून आणि उजवा खालून मोजला तर आढं मध्यावरून सरकतं, आणि ते खालून कुणालाही दिसतं.

वळचण बाहेर काढणार असशील तर तेही याच हिशेबात बसतं. आडवं १ फूट बाहेर काढायचं तर वाशाच्या अंगानं १ फूट अर्धा इंच लागतो (१ भागिले कॉस १६.७, येतात १.०४४ फूट), आणि टोक खांबाच्या डोक्यापेक्षा साडेतीन इंचांहून थोडं जास्त खाली येतं. एकूण वासा साधारण ११ फूट ६ इंच. पाइप ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंचांचा येतो, त्यातून असे दोन वासे निघत नाहीत. मामांना आधी सांग, नाहीतर दुकानातून निम्मेच पाइप येतील. उरलेले आठ फूट कैचीच्या उभ्या काड्यांना वापरता येतात. आणि प्रत्येक कापाला चाक ३ मिमीच्या आसपास खातं, तेही धर.

आता मशीन. तुझ्या प्रश्नाची खरी गाठ इथं आहे. कटिंग मशीनच्या वाइसवर (पाइप आवळून धरणाऱ्या शिकंज्यावर) शून्य कुठं असतं ते उद्या जाऊन नीट बघ. पाइप सरळ आडवा कापला जातो, म्हणजे काप पाइपाशी काटकोनात असतो, तिथं शून्य असतं. म्हणजे मशीन कोन पाइपाच्या कडेपासून मोजत नाही, चौरस कापापासून मोजतं. कागदावर मात्र आपण कोनमापक पाइपाच्या कडेला टेकवतो. हे दोन आकडे एकमेकांचे कोटिकोन. आढ्यापाशी वासा आणि उभा काप यांच्यातला कोन ७३.३ आहे, मशीनवर तोच काप १६.७ ला येतो. तुला दोन उत्तरं का येत होती, ते आता ध्यानात आलं असेल.

मला हे महागात पडलंय. शिकाऊ होतो तेव्हा एका तीनमजली इमारतीच्या जिन्याचं रेलिंग होतं. पायरी १० इंच रुंद, ७ इंच उंच, टॅन ०.७, म्हणजे जिन्याचा चढ ३५ अंश. उभ्या बारांची डोकी त्या चढानुसार तिरकी कापायची. मशीन दुसऱ्या कामावर अडकलेलं, म्हणून मी कोनमापक घेऊन खडूनं मार्किंग केलं आणि हातग्राइंडरनं कापत सुटलो. ३५ मोजले ते बाराच्या कडेपासून. मोजायचे होते चौरस कापापासून. कडेपासून ५५ हवे होते. पहिला बार उभा केला तेव्हा वरचा हँडरेल त्यावर बसेचना, डोकं भाल्यासारखं टोकदार. तोपर्यंत अठरा बार कापून झाले होते. मालकांनी ओरडा केला नाही, फक्त ते अठरा बार माझ्या बाकड्याशेजारी महिनाभर उभे करून ठेवले.

त्या जिन्यानंच मला दुसरी गोष्ट शिकवली, आणि ती मी आज सगळ्यांना सूत्रासारखी देतो. दोन सारखे पाइप एकमेकांना तिरके कापून जोडायचे असतील तर पाइप सरळ रेषेपासून किती वळला ते बघ, आणि त्याच्या निम्मं मशीनवर लाव, दोन्ही पाइपांना. चौकटीच्या कोपऱ्यावर पाइप ९० नं वळतो, म्हणून ४५. जिन्याचा हँडरेल लँडिंगवर येऊन आडवा होतो तिथं तो ३५ नं वळतो, म्हणून साडेसतरा आणि साडेसतरा. काही जण एकाला ३५ लावतात आणि दुसरा सरळ ठेवतात. मग एक तोंड मोठं, एक लहान, आणि वेल्डिंगनं खळगा भरत बसतात. तुझ्या आढ्यावर वासा १६.७ नं चढतो आणि १६.७ नं उतरतो, वळण ३३.४, त्याचं निम्मं १६.७. आतला कोन १४६.६. रेषीय जोडीतले कोन म्हणून जे शाळेत शिकलास ते हेच: आतला कोन आणि वळण मिळून १८०.

खांबाच्या डोक्यालाही १६.७ च. खांब उभा, त्याचा चौरस काप आडवा, आणि त्यावर बसणारा वासा आडव्यापासून १६.७ नं उचललेला. कैचीतल्या सगळ्या उभ्या काड्यांची डोकीही तशीच. काड्या एकमेकींना समांतर, वासा त्यांची छेदिका, मग संगत कोन सारखेच. म्हणून मशीन एकदा लावून डोकी सगळी एका दमात कापून घे, मधे वाइस ढिला करू नकोस. त्यांच्या उंचीलाही कॅल्क्युलेटर नको: दर अडीच फुटांवर काडी असेल तर ९, १८, २७ आणि मधली ३६ इंच. त्रिकोण समरूप आहेत, पट वाढत जाते, बस. यातून पाइपाची जाडी वजा करायला विसरू नकोस.

तिरक्या काड्या मात्र तुला त्रास देतील. तळाच्या मध्यापासून निघून वाशाला मध्यावर भेटणारी काडी घे. ती तळाशी १६.७ करते आणि वाशाशी ३३.४ (बाह्यकोन हा दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेएवढा, आठवतंय?). वाशाशी ३३.४ म्हणजे मशीनवर ५६.६, आणि आपली मशीनं साधारण ४५ पर्यंतच फिरतात. तळाशी तर ७३.३ लागेल. इथं हट्ट करू नये. मी अशा जागी काडी सरळच कापतो आणि गसेट प्लेट (जोडावर वेल्ड करायची सपाट पट्टी) टाकतो. जोड मजबूत होतो आणि वेळही वाचतो. मामांची पद्धत वेगळी असेल तर त्यांचं ऐक.

आता एक गोष्ट थोडी उलटी वाटेल. कोन एवढा समजून घेतल्यावर डिग्री शक्यतो वापरूच नकोस. मशीनचा पट्टा रंगानं बुजलेला असतो, खुणा जाड असतात, १६ आणि १७ च्या मधला ०.७ कुणाला दिसतो? १६ वरच लावलंस तर १० फुटांच्या वाशात टोक पावणेचार सेंटीमीटरपर्यंत वरखाली होतं. त्याऐवजी पत्र्याच्या तुकड्याचा फर्मा कर. गुण्या लावून काटकोन आख, एका बाजूला ३०० मिमी, दुसऱ्या बाजूला ९० मिमी, टोकं जोड आणि काप. ९० भागिले ३०० म्हणजे ०.३. हा फर्मा म्हणजेच तुझी अख्खी शेड, लहान केलेली. वाइस त्याला लावून घट्ट कर. फर्म्याचं एक टोक १६.७ आहे आणि दुसरं ७३.३, त्यामुळे कशापासून मोजायचं हा घोळही तिथंच संपतो, डोळ्यांना दिसतं. शाळेतल्या ३०, ४५, ६० च्या कोष्टकाचा इथं फारसा उपयोग नाही. शेडवर ते कोन क्वचितच भेटतात.

मोबाइल वापरायचाच असेल तर आधी टॅन ४५ काढ. १ आलं तर ठीक. नाही आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोनाचं दुसरं माप) आहे. तिथं टॅन १६.७ दीडच्या वर दाखवतो आणि माणूस मुकाट्यानं तोच आकडा पाटीवर लिहितो.

काही गोष्टी तुझ्या प्रश्नावरून मला ठरवता येत नाहीत. ३ फूट उंची पुरेशी आहे का, हे पत्रा कोणता आणि पाऊस किती यावर आहे. कोकणातल्या घरांचे उतार उगाच तीव्र नसतात. पाइप कोणत्या मापाचा, किती जाडीचा, कैच्या किती अंतरावर, हे भूमितीतून निघत नाही. तिथं वाऱ्याचा आणि वजनाचा हिशेब लागतो, तो मामांकडून किंवा इंजिनिअरकडून करून घे. खांब गुण्यात आहेत का तेही तपास. तळ गुण्यात नसेल तर वरचं सगळं बरोबर कापूनही कैच्या बसणार नाहीत. ३० फूट लांबीची शेड असेल तर दोन्ही कर्ण ३६ फूट ५ सूत आले पाहिजेत.

आणि चांगल्या पाइपाला हात लावण्याआधी भंगारातले दोन तुकडे घे, दोन-दोन फुटांचे. फर्म्यानं कापून आढ्यासारखे जोड, नुसता टॅक (वेल्डिंगचा ठिपका) मार. टोकापासून वरच्या कडेनं दोन्हीकडे ५०० मिमीवर खूण कर आणि त्या दोन खुणांमधलं सरळ अंतर टेपानं घे. ९५८ मिमी यायला हवं. दोन वेळा ५०० गुणिले कॉस १६.७, एवढाच तो हिशेब. ९६३ आलं तर उतार एका डिग्रीनं कमी पडलाय, ९५३ आलं तर तेवढाच जास्त झालाय. वाइस ढिला कर, जरासा सरकव आणि पुन्हा दोन तुकडे काप.